पडद्यावरची पेशवाई आणि श्रीगोंद्याचा रुमाल

रात्रीचे साडेआठ वाजले, कीं आमच्या माजघरांत एक निराळीच पंगत बसते. मधोमध आरामखुर्चीवर मातोश्री, त्यांच्या पायाशीं नातवंडें-पतवंडें, भिंतीशीं धाकटे बंधु व त्यांचें कुटुंब, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, एक डोळा दुधाकडे व एक पडद्याकडे ठेवून, आमची मंडळी. पूर्वीं या वेळीं घरांत पोथी वाचली जाई. आतां दूरचित्रवाणीवर ऐतिहासिक मालिका चालते. काळाचा महिमा म्हणून मीही एका कोपऱ्यांत बसतों.

एके रात्रीं पेशव्यांच्या वाड्यांतील हळदीकुंकवाचा प्रसंग चालला होता. दागिने झगमगत होते, वाद्यें घुमत होतीं, आणि एक सरदारपत्नी मोठ्या दिमाखानें बोलत होती. इतक्यांत मातोश्री एकाएकीं म्हणाल्या, “अगो, हिच्या कपाळाला मेण कोठें आहे? ही तर चिकटवायची टिकली!”

माझी सून हंसून म्हणाली, “आजी, एवढें कोण बघतंय?”

“मी बघत्यें आहे ना!” मातोश्री उत्तरल्या.

मातोश्रींचें वय अठ्ठ्याऐंशी. कपाळाला आधीं मेण लावून त्यावर कोरडें कुंकू रेखण्याची रीति त्यांनीं स्वतः लहानपणीं आपल्या आजीजवळ पाहिलेली. तेव्हां त्यांचा आक्षेप पुस्तकी नव्हता, डोळ्यांनीं पाहिलेला होता. मीही त्या वेळीं हंसलों. परंतु पुढें पंधरा दिवसांनीं जें घडलें, त्यानें माझें हंसूं मावळलें.

आमचा सातवींतला नातू शाळेंतून मोठ्या आनंदानें घरीं आला. ‘महादजी शिंदे’ या विषयावर त्यानें लिहिलेला निबंध गुरुजींनीं सर्व वर्गास वाचून दाखविला होता. निबंध खरोखरच चांगला होता. मात्र त्यांत महादजींच्या तोंडीं एक लांबलचक बाणेदार भाषण अवतरणचिन्हांत घातलें होतें. तें कोठून घेतलेंस, असें मीं विचारतांच तो म्हणाला, “आजोबा, मालिकेंत ते असेंच म्हणतात!” कोण्या संवादलेखकानें आपल्या टेबलाशीं बसून रचलेलें भाषण अशा रीतीनें महादजींच्या नांवें एका शाळेच्या वहींत कायम झालें. गुरुजींना शंका आली नाहीं, वर्गाला आली नाहीं. आणि मला आली ती केवळ एवढ्याचसाठीं, कीं आमचें मूळ घर श्रीगोंद्याचें.

श्रीगोंदें हें अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण भागांतील तालुक्याचें गांव. जुन्या कागदांत याचें नांव चांभारगोंदें असें येतें. महादजींचे वडील राणोजी शिंदे हे मूळचे साताऱ्याकडील कण्हेरखेडच्या पाटील घराण्यांतले. पण पुढें श्रीगोंदें हें शिंद्यांचें देशावरील एक मोठें ठाणें झालें, व त्यांचे वाडे येथें उभे राहिले. याच गांवांत शेख महंमद या संतकवीचें स्थान आहे, आणि मुसलमान घरांत जन्मून मराठींत ‘योगसंग्राम’ लिहिणाऱ्या या सत्पुरुषास हिंदु व मुसलमान दोघेही मानीत आले. तालुक्यांतच भीमेच्या कांठीं पेडगांवचा बहादूरगड आहे. सन १६८९ मध्यें छत्रपति संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबापुढें आणलें, तें याच ठिकाणीं. म्हणजे पडद्यावर ज्या प्रसंगीं आपल्या घरांतील बायकांचे पदर डोळ्यांस लागतात, त्या प्रसंगाची खरी माती आमच्या तालुक्याची आहे.

ऐतिहासिक मालिकांचा आणि या भूमीचा संबंध जवळचा आहे. सन १९९४ मध्यें संजय खान यांनीं ‘द ग्रेट मराठा’ ही हिंदी मालिका दूरदर्शनसाठीं काढली. तिचा नायक महादजी शिंदेच होते, आणि ती भूमिका शाहबाज खान यांनीं केली. त्यापूर्वीं १९८७ च्या सुमारास गजानन जागीरदार यांनीं रणजित देसाई यांच्या कादंबरीवरून ‘स्वामी’ ही मालिका केली होती. पुढें ‘राऊ’ आली, २००८ मध्यें ‘राजा शिवछत्रपती’ आली, २०१२ मध्यें रमाबाई रानडे यांच्या चरित्रावरील ‘उंच माझा झोका’ आली, आणि २०१७ पासून २०२० पर्यंत ‘स्वराज्यरक्षक संभाजी’नें घरोघर ठाण मांडलें. या मालिकांनीं लोकांस इतिहासाची गोडी लाविली, हें प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. शंभर व्याख्यानांनीं जें झालें नसतें, तें एका मालिकेनें होतें. म्हणूनच ती बिनचूक असावी ही अपेक्षा अधिक.

आतां बिनचूक म्हणजे काय, याचा थोडा विचार करूं. सामान्यतः आपण पोशाख, दागिने आणि वाडा एवढ्यावरच थांबतों. पण त्यांतही किती बारकावा आहे पाहा. इंग्लंडांत पर्किन नांवाच्या तरुणानें १८५६ मध्यें डांबरापासून पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला. त्यापूर्वींचे सर्व रंग वनस्पति, किडे व खनिजें यांपासून निघत. तेव्हां पेशवाईंतील पडद्यावर डोळे दिपविणारा भडक गुलाबी शालू दिसला, कीं तो शालू शंभर वर्षें आधीं जन्मास आला असें समजावें. पदराला टोंचलेली सेफ्टी पिन १८४९ सालची. दरबारांत गवयाच्या बाजूला हार्मोनियम वाजत असेल, तर तें वाद्य पॅरिसमध्यें १८४२ त नोंदलें गेलें आणि आपल्याकडे त्याहून उशिरा आलें, हें ध्यानांत असावें. माजघरांत घासलेटाचा कंदील टांगला असेल, तर घासलेट १८६० च्या आसपास व त्यानंतरचें.

स्वयंपाकघरांत तर याहून मौज. मिरची पोर्तुगीजांबरोबर येऊन पेशवाईपर्यंत रुळली होती. पण बटाटा आपल्याकडे घरोघर गेला तो इंग्रजी अमलांत, टोमॅटो त्याच्याही मागून, आणि टॅपिओकाच्या कंदापासून होणारा आजचा साबुदाणा तर विसाव्या शतकांतला. म्हणजे एकादशीच्या दिवशीं पेशव्यांच्या घरच्या स्त्रिया साबुदाण्याची खिचडी परततांना दिसल्या, तर त्यांचा उपास मोडला असें म्हणावयास हरकत नाहीं. पाहुण्यापुढें चहा ठेवणें हेंही तसेंच. उलट पंगतीचें पान कसें वाढावें, हें आमच्या घरांतील कोणतीही प्रौढ स्त्री सांगूं शकेल. केळीच्या पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डावीकडे, वर मीठ, डाव्या अंगास लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी व आमटी, मध्यें वरणभात. पडद्यावर पान उलटें मांडलेलें मीं स्वतः पाहिलें आहे. रेशमी शालू खरा आणावयास पैसा लागतो हें कबूल; परंतु पानाचा शेंडा डावीकडे वळविण्यास दमडीही लागत नाहीं. लागतें तें फक्त विचारणें.

येथें निर्मात्यांची अडचणही ऐकून घेतली पाहिजे, नाहीं तर न्याय होणार नाहीं. रोज रात्रीं येणाऱ्या मालिकेचा सुमारें बावीस मिनिटांचा भाग बहुधा एका दिवसांत उरकावा लागतो. त्याचे संवाद कधीं कधीं त्याच सकाळीं हातीं येतात. शनिवारवाडा १८२८ च्या आगींत जळाला, त्यामुळें त्याचे महाल लांकूड, प्लायवुड व प्लॅस्टर यांचे पुन्हां उभारावे लागतात. कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनीं कर्जतेस २००५ मध्यें स्टुडिओ उभारून अशा कामास एक पक्की जागा दिली, हें त्यांचें मोठें ऋण. दिव्यांचा प्रश्न आणखी अवघड. समया, चिराखदानें आणि हिलाल यांच्या उजेडांत त्या काळचे लोक वावरत. पण तेवढ्या उजेडांत साधा कॅमेरा आंधळा होतो. स्टॅन्ली कुब्रिक या दिग्दर्शकानें १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’ या चित्रपटांत नुसत्या मेणबत्त्यांवर दृश्यें टिपलीं, त्यासाठीं त्याला अमेरिकेच्या अवकाशसंस्थेसाठीं घडविलेलीं भिंगें मिळवावीं लागलीं. रोजच्या मालिकेस हें कोठून परवडावें? आणि ज्वाला, दारूकाम व तात्पुरते मांडव एकत्र आले, कीं काय होतें, तेंही विसरतां येत नाहीं. ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ या मालिकेच्या चित्रीकरणाच्या वेळीं फेब्रुवारी १९८९ मध्यें म्हैसूरच्या स्टुडिओस आग लागून ६२ माणसें प्राणास मुकलीं. इतिहास हुबेहूब दिसावा, परंतु त्यासाठीं कोणाचा जीव जाऊं नये.

तेव्हां पोशाख व दिवे यांतील चुका एक वेळ पोटांत घालतां येतील. खरी कसोटी प्रसंगाची आहे. महादजींच्याच चरित्रांतील दोन-तीन उदाहरणें घेऊं.

पानिपताचें युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजीं झालें. आज १४ जानेवारी म्हटलें, कीं आपल्याला संक्रांत आठवते. म्हणून त्या सकाळीं मराठ्यांच्या छावणींत तिळगूळ वांटला जात असल्याचें दृश्य एखाद्या लेखकास सुचल्यास नवल नाहीं. दृश्य हृदयद्रावकही होईल. पण सूर्याचें मकर राशींत संक्रमण सुमारें ७२ वर्षांनीं एक दिवस पुढें सरकतें. या हिशेबानें १७६१ मध्यें संक्रांत तीन-चार दिवस आधींच होऊन गेली होती. खरी संक्रांत कोसळली ती शिंद्यांच्या घरावर, आणि तीही एक वर्ष आधीं. महादजींचे सावत्र बंधु दत्ताजी बुराडीच्या घाटावर १० जानेवारी १७६० रोजीं पडले, तो दिवस संक्रांतीचा. त्यांच्या तोंडचें जें वाक्य आपण सर्वजण पाठ म्हणतों, तें आपल्यापर्यंत बखरींच्या व परंपरेच्या वाटेनें आलें आहे. तें वाक्य गाळावें असें मी म्हणत नाहीं, पण तें कोणत्या वाटेनें आलें हें लिहिणाऱ्यास ठाऊक असावें.

दुसरी गोष्ट. पानिपताहून पळतांना महादजींच्या पायावर जबर घाव बसला, व ते जन्माचे लंगडे झाले. राणेखान नांवाच्या मुसलमान भिस्त्यानें त्यांना उचलून आपल्या बैलावर घातलें व सुखरूप दक्षिणेंत आणलें. महादजींनीं त्याला भाऊ मानलें आणि पुढें मोठें सेनापतित्व दिलें. आतां नट कितीही देखणा असो, १७६१ नंतरचा महादजी ताठ, धडधडीत पावलें टाकीत दरबारांत शिरला, कीं तो महादजी नव्हे. त्याचें लंगडणें हा त्याच्या चरित्राचा भाग आहे. प्रत्येक पावलागणिक पानिपत त्याच्याबरोबर चालत होतें. तसेंच पडद्यावरील प्रत्येक मुसलमान पात्र काळ्या पोशाखांत क्रूर हंसतांना दाखविण्याची जी चाल पडली आहे, तींत राणेखानास जागा कोठें? बीडच्या मन्सूरशहा अवलियास गुरु मानणारे महादजी त्या चौकटींत कसे बसावे? श्रीगोंद्याच्या माणसाला तरी ही चौकट पटणें कठीण आहे. शेख महंमदांच्या दारावरून तो रोज जातो.

तिसरी गोष्ट सर्वांत प्रसिद्ध, आणि सर्वांत बिकट. सन १७९२ च्या जूनमध्यें महादजी उत्तरेचा सर्व वैभवभार घेऊन पुण्यास आले. दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठीं मिळविलेल्या वकील-इ-मुतलक पदाची वस्त्रें त्यांना सवाई माधवरावांस अर्पण करावयाचीं होतीं. त्या भेटीचें वर्णन असें सांगतात, कीं महादजी दूरवरच हत्तीवरून उतरले, सर्व मानकऱ्यांच्या खालीं बसले, आणि बगलेंतील गांठोडें सोडून त्यांतून पेशव्यांसाठीं नवे जोडे काढले. आपल्या बापाचें काम तेंच आपलें, असें म्हणाले. हा प्रसंग ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या इतिहासांत नोंदला आहे. त्याच्या मुळाशीं राणोजी हे बाजीरावांचे जोडे सांभाळीत अशी दंतकथा असून ती माल्कमच्या ग्रंथांतही येते. परंतु शिंद्यांचें घराणें पाटीलकीचें व जुनें, तेव्हां जोड्यांची ती मूळ कथा कितपत खरी, याबद्दल इतिहासकारांनीं शंका घेतली आहे.

मालिकाकारानें येथें काय करावें? प्रसंग इतका नाट्यमय आहे, कीं तो सोडवत नाहीं. माझ्या अल्प मतीप्रमाणें तीन मार्ग आहेत. पहिला, ती दंतकथा अगदीं खरी म्हणून, नगारे वाजवीत दाखविणें. दुसरा, मुळींच न दाखविणें. आणि तिसरा, महादजींची नम्रता दाखवावी, पण त्या वेळीं दरबारांत बसलेल्या नाना फडणिसांच्या मुद्रेवरची शंकाही दाखवावी. कारण दोन-तीन लाखांच्या मुलखाचा धनी नव्हे, तर दिल्लीच्या तक्ताचा कारभारी जेव्हां स्वतःस नुसता ‘पाटील’ म्हणवितो, तेव्हां त्या विनयांत राजकारण किती व भक्ति किती, हें त्या दिवशीं पुण्यांतही कोणास नक्की उमगलें नसावें. तिसरा मार्ग सर्वांत खरा, आणि नाटक म्हणूनही सर्वांत सरस. इतिहासाशीं इमान राखलें म्हणजे कथा रुक्ष होते, ही समजूत आळशी लेखकांनीं पसरविलेली आहे.

पुराव्याचें म्हणाल तर आपण दरिद्री नाहीं. जेम्स वेल्स नांवाचा स्कॉच चित्रकार त्याच सुमारास पुण्यास आला होता. त्यानें सवाई माधवराव, नाना व महादजी यांचीं चित्रें प्रत्यक्ष पाहून काढलीं. त्याच्या हाताखालचे गंगाराम तांबट यांचीं पुण्यांतील माणसें व प्राणी यांचीं रेखाटनें आजही उपलब्ध आहेत. पगडीची ठेवण, अंगरख्याचा बंद, बसण्याची पद्धति, सर्व त्यांत आहे. राजवाड्यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ खंडामागून खंड काढून बाहेर आणलीं, १९१० मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या अवधींत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग छापले. या कागदांत माणसें कशीं बोलत, कोणास कोणत्या मायन्यानें लिहीत, काळ घटकांनीं कसा मोजीत, हें सर्व आहे. आजच्या अर्थानें ऊठसूट ‘धन्यवाद’ म्हणणारा सरदार मात्र त्यांत सांपडत नाहीं.

परदेशांत या गोष्टीची व्यवस्था लावलेली असते. जपानची सार्वजनिक दूरचित्रवाणी १९६३ पासून दर वर्षीं एक मोठी ऐतिहासिक मालिका रविवारीं रात्रीं दाखवीत आली आहे, आणि तींत काळाचा पडताळा पाहणाऱ्या विद्वानाचें नांव नामावळींत मानानें येतें. इंग्लंडांतील ‘डाउनटन ॲबी’ या मालिकेसाठीं ॲलस्टर ब्रूस हे गृहस्थ सल्लागार म्हणून चित्रीकरणास हजर राहून नटांच्या बसण्याउठण्यावर लक्ष ठेवीत. आपल्याकडे मात्र सूचना बहुधा उलट्या टोकानें येते. टिपू सुलतानावरील ती मालिका एका कादंबरीवर आधारलेली होती. वाद न्यायालयांत गेला, आणि ही मालिका कल्पित आहे अशी सूचना प्रत्येक भागाबरोबर द्यावी लागली. तेव्हांपासून अशी एक पाटी आरंभीं क्षणभर झळकवावयाची आणि मग वाटेल तें दाखवावयाचें, असा परिपाठच पडला. पाटी वाचून होण्याच्या आंत नाहींशी होते. भाषण मात्र सातवींतल्या मुलाच्या वहींत जाऊन बसतें.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते, आणि ती आपल्यासारख्या घरांस थोडी टोंचेल. बिनचूकपणा हवा म्हणतांना आपल्याला नऊवारी लुगडें, नथ आणि समया एवढाच भूतकाळ हवा असतो. पण त्याच वाड्यांत केशवपन केलेल्या बालविधवा अंधाऱ्या खोलींत बसत, आणि विकत घेतलेल्या कुणबिणी पाणी भरीत. रमाबाईंचें लग्न १८७३ मध्यें झालें तेव्हां त्या अकरा वर्षांच्या व न्यायमूर्ति एकतीस वर्षांचे होते; विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माधवरावांनीं स्वतः मात्र कुमारिकेशीं लग्न केलें, याबद्दल त्या काळीं त्यांच्यावर टीका झाली. मालिकेनें हें दाखविलें तर आपण नाक मुरडावयाचें, आणि न दाखविलें तर इतिहास सोडला म्हणावयाचें, असें चालणार नाहीं. खरें मागावयाचें तर सगळेंच मागावें.

आतां श्रीगोंद्याकडे वळतों. कारण या लेखाचा खरा भाग तेथें आहे.

निबंधाचा तो प्रकार झाल्यावर मे महिन्याच्या सुटींत मीं नातवास श्रीगोंद्यास नेलें. शिंद्यांच्या वाड्यापुढें उभें केलें. भिंतींना काळाचा हात लागलेला होता, दुपार तापलेली होती, आणि पार्श्वसंगीत नव्हतें. तो थोडा वेळ पाहत राहिला व म्हणाला, “आजोबा, मालिकेंतला वाडा याच्याहून चकचकीत होता.” मग क्षणभर थांबून त्यानें विचारलें, “महादजी खरोखर काय बोलत असत, हें कोठें लिहिलेलें असतें?”

मीं सांगितलें, “कागदांत. मोडींत लिहिलेल्या कागदांत.”

“तसे कागद आपल्याकडे आहेत का?”

या प्रश्नाचें उत्तर देतांना माझी मान खालीं गेली. आमच्या घराण्यांत पूर्वीं कोणी शिंद्यांच्या कचेरींत कारकुनी केली होती. श्रीगोंद्याच्या घराच्या माळ्यावर तांबड्या फडक्यांत बांधलेले तीन रुमाल होते. १९८१ मध्यें घराची वांटणी झाली तेव्हां माळा रिकामा करण्याचें काम मजकडे आलें. मी पंचविशींतला, पदवी घेतलेला, इतिहासावर वादविवाद करणारा. पण मोडीचें एक अक्षर मला वाचतां येत नव्हतें. कागदांस कसर लागली होती, वास येत होता. दोन रुमाल मीं स्वतःच्या हातांनीं अंगणांत टाकले. त्यांतील कागद आठवडाभर आंघोळीच्या बंबांत जात होते. कोणी मला अडविलें नाहीं, आणि मलाही कांहीं वाटलें नाहीं. तिसरा रुमाल वांचला, तो कोणाच्या शहाणपणामुळें नव्हे. तांब्याच्या एका हंड्यांत भांडीं आदळूं नयेत म्हणून तो कोंबला होता, आणि हंडा चुलत बंधूंच्या वांट्यास गेला.

जो मनुष्य पडद्यावरच्या टिकलीस हंसतो व निर्मात्यास पुरावा विचारतो, त्यानें स्वतः दोन रुमाल पुरावा जाळून आंघोळ केली आहे, हें मला नातवापुढें कबूल करावें लागलें. त्यानें कांहींच म्हटलें नाहीं. तेंच अधिक लागलें.

चुलत बंधूंनीं तो उरलेला रुमाल आनंदानें हवालीं केला. पुण्यास एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडे आम्ही दोघे तो घेऊन गेलों. महादजींचें पत्र निघेल अशी नातवाची आशा होती. तें निघालें नाहीं. निघाल्या त्या जमिनीच्या कांहीं पावत्या, देण्याघेण्याचीं टिपणें, आणि एका लग्नाच्या खर्चाची याद. शक स्पष्ट वाचतां आला नाहीं. कागद व अक्षर यांवरून ती दीडदोनशें वर्षांपूर्वींची असावी, असें त्या गृहस्थांनीं सांगितलें. तांदूळ इतके, गूळ इतका, तूप इतकें, पत्रावळी, द्रोण, समयांस तेल, वाजंत्र्यांस शिधा, कुंभारास, न्हाव्यास. ते एकेक ओळ वाचीत होते व नातू वहींत उतरून घेत होता. यादीच्या शेवटाकडे हळद, कुंकू आणि सुपारी यांच्या पाठोपाठ दोन अक्षरें आलीं. त्यांनीं तीं दोनदां वाचलीं.

“मेण,” ते म्हणाले.

घरीं आल्यावर नातवानें ती वही पणजीच्या हातांत दिली. मातोश्रींनीं चष्मा लावून ती ओळ पाहिली, आणि म्हणाल्या, “मग? मी काय सांगत होत्यें?” त्यांना त्यांत कांहीं नवल वाटलें नाहीं. त्यांना तें ठाऊकच होतें.

वाचकहो, आपल्यांतील कित्येकांच्या माळ्यावर, कोनाड्यांत, देवघराच्या खालच्या फळीवर असे रुमाल अजून असतील. त्यांत छत्रपतींचें वा पेशव्यांचें पत्र असेलच असें नाहीं. पण लग्नाची याद असेल, औषधाचा पाठ असेल, भांड्यांची मोजदाद असेल. आणि ज्याला तो काळ पडद्यावर उभा करावयाचा आहे, त्याला या सामान्य कागदांची गरज राजपत्रांपेक्षांही अधिक असते. राजपत्रें छापून झालीं आहेत. माजघर अजून छापलेलें नाहीं. तेव्हां रुमाल असेल तर उन्हांत टाकूं नका, चिकटपट्टी लावूं नका, आणि बंबाजवळ तर मुळींच नेऊं नका. कोरड्या सुती फडक्यांत बांधून ठेवा व जाणत्या संस्थेस दाखवा. मूळ कागद द्यावयाचा नसेल तर छायाचित्र तरी काढूं द्या. मोडीचे वर्ग ठिकठिकाणीं चालतात. घरांतील एकानें तरी ती लिपि शिकावी. आणि कागद नसला, तरी घरांत ऐंशीच्या पुढचें कोणी असेल, तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. पान कसें मांडीत, मेण कशांत ठेवीत, विहिरीवर कोण आधीं जाई, हें विचारा व उतरून ठेवा. तो रुमाल आपोआप विरत चालला आहे, आणि त्यास हंड्यांत लपविण्याची सोय नाहीं.

मालिका पाहणें आम्ही सोडलेलें नाहीं. साडेआठला पंगत अजून बसते. फरक एवढाच, कीं नातवाच्या मांडीवर आतां एक वही असते. पडद्यावर कांहीं विपरीत दिसलें, कीं तो पणजीकडे पाहतो, त्या बोलतात, आणि तो लिहून घेतो. आमची मंडळी उंबऱ्यावरून म्हणतात, कीं यामुळें कथा नीट ऐकूं येत नाहीं. तें खरें आहे. परंतु मीं कोणासही गप्प बसण्यास सांगितलेलें नाहीं.